पावसाळी काम: ६ इंची आरसा घरी घासून दुर्बीण बनवणे

ध्रुवमत्स्य

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश मिळत नाही, पण आरसा घासायला हेच चार महिने सगळ्यांत चांगले. दिवसरात्रीच्या तापमानात फरक कमी, हवेत धूळ कमी. आषाढात काच हातात घेतली तर दिवाळीपर्यंत चंद्राची विवरं स्वतःच्या आरशात दिसतील. हा धागा फक्त त्या कामासाठी ठेवू या. ट्यूबबद्दल शेवटी थोडं बोलू.

पहिल्या आरशासाठी माप ठरलेलं बरं: व्यास १५० मिमी, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिबिंब पडतं तिथपर्यंतचं) १२०० मिमी, म्हणजे एफ/८ (नाभीय अंतर भागिले व्यास). वक्रतात्रिज्या, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या, नाभीय अंतराच्या दुप्पट, २४०० मिमी. काचेच्या मध्यभागी किती खोली हवी ते असं काढा: काचेच्या त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रतात्रिज्येची दुप्पट. ७५ गुणिले ७५ म्हणजे ५६२५, भागिले ४८००, उत्तर १.१७ मिमी. सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. एवढाच खड्डा करायचा आहे, बाकी सगळा वेळ तो गुळगुळीत आणि योग्य आकाराचा करण्यात जातो.

सामान: १५० मिमी व्यासाच्या १९ मिमी जाड काचेच्या दोन चकत्या (एक आरसा, एक टूल, म्हणजे जिच्यावर आरसा घासायचा ती), घासायची भुकटी म्हणजे कार्बोरंडम ८०, १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरचं, पॉलिशला सेरियम ऑक्साइड, राळ, एरंडेल, धार लावायचा दगड, फिलर गेज (ठरावीक जाडीच्या धातूच्या पानांचा संच), स्टीलची पट्टी आणि चहूबाजूंनी फिरता येईल असं जड टेबल किंवा वाळू भरलेला पिंप.

पहिला टप्पा ८० नंबरचा. टूल खाली, आरसा वर. टूलवर अर्धा चमचा भुकटी आणि थोडं पाणी. आरशाचा मध्य टूलच्या कडेजवळून जाईल असा तिरका, वर्तुळाच्या जिवेसारखा स्ट्रोक (आरसा पुढेमागे सरकवण्याची एक फेरी) घ्या, म्हणजे आरसा बाजूला बराच लटकतो. त्यामुळे आरशाच्या मध्यावर आणि टूलच्या कडेवर दाब एकवटतो. वरची काच खोलगट होते, खालची फुगीर. दर पाच-सहा स्ट्रोकनंतर आरसा हातात थोडा फिरवा आणि स्वतः टेबलाभोवती पाऊलभर सरका. दोन्ही फिरणं चुकवू नका, आरसा गोल राहतो तो त्यामुळेच. सुरुवातीला करकरीत आवाज येतो, चार-पाच मिनिटांत तो मऊ पडतो. मग भुकटी संपली असं समजून नवी घाला. हा टप्पा चार-पाच तासांचा.

खोली मोजायला पट्टी आरशावर व्यासाच्या रेषेत उभी धरा आणि मध्यभागी फिलर गेजची पानं सरकवा. १.१ मिमीला थांबा, राहिलेलं पुढच्या टप्प्यांत होतं.

रोहिणी_शकट

छान सुरुवात. दोन शंका. काच कुठली घ्यायची? जुन्या टीपॉयची जाड काच चालेल का? आणि एवढे कष्ट करायचेच तर थेट ८ इंची एफ/६ का नको? ट्यूबची लांबी तर तेवढीच राहते.

ध्रुवमत्स्य

टीपॉयची काच बहुतेक वेळा टफन केलेली असते. ती अजिबात घेऊ नका. टफन काचेचा पृष्ठभाग आतून दाबलेला असतो, खोल घासत गेलात की तो ताण सुटतो आणि काच हातातच फुटते. काचेच्या घाऊक दुकानात १९ मिमी साधी फ्लोट काच मिळते. चकती कापून घेताना ‘टफन नको’ हे स्पष्ट सांगा. तरी खात्री करायची तर दोन पोलरॉइड काचा एकमेकींना आडव्या धरून मध्ये चकती ठेवा आणि मागून उजेड सोडा. सगळीकडे सारखा अंधार दिसला तर उत्तम. पांढरे पट्टे किंवा फुली दिसली तर ताण आहे, चकती परत करा.

बोरोसिलिकेट मिळाली तर जास्त बरी, तिचं प्रसरण साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश असतं. साध्या काचेनंही आरसा उत्तम होतो, फक्त चाचणीआधी निवायला जास्त वेळ द्यावा लागतो.

८ इंचीबद्दल: घासण्याचे तास वाढतात, पण खरी अडचण अन्वस्त (पॅराबोलासारखा, प्रकाश एका बिंदूत आणणारा) आकार देण्यात आहे. तुलनेचे आकडे पुढे येतीलच. पहिला आरसा ६ इंची एफ/८ करा. विल्यम हर्शेलनं १३ मार्च १७८१ रोजी बाथमधल्या घराच्या बागेतून युरेनस शोधला तो स्वतः घासलेल्या ६.२ इंची धातूच्या आरशातून. हा आकार लहान नाही.

काचेवरची_रेघ

वरच्या मोजमापात एक दुरुस्ती, ती महत्त्वाची आहे. घासायला सुरुवात करण्याआधी आरशाची कड ४५ अंशांत मोडून घ्यावी लागते, दोन-अडीच मिमी रुंद. ती मोडली की पट्टी ७५ मिमी त्रिज्येवर टेकत नाही, ७३ वर टेकते. ७३ चा वर्ग ५३२९, भागिले ४८००, म्हणजे १.११ मिमी. कड मोडलेल्या आरशावर १.१७ खोली मोजून थांबलात तर नाभीय अंतर ११४० च्या आसपास येईल, म्हणजे ६० मिमी आखूड. आरसा फुकट जात नाही, पण ट्यूब आधीच कापून ठेवली असेल तर पंचाईत. म्हणून थांबायचं ते १.०५ ला.

कड मोडायची ती ओल्या दगडानं, वरून खाली, एकाच दिशेनं. उलट ओढलं की टवका उडतो. ८० नंबर ही कड भराभर खातो, त्यामुळे टप्पा संपला की पुन्हा बघा. धारदार झालेल्या कडेचे बारीक कपचे उडतात आणि पुढच्या टप्प्यात तेच ओरखडे पाडतात.

स्वच्छतेबद्दल सगळे बोलतात, पण नेमकं काय धुवायचं ते सांगत नाहीत. आरशाची मागची बाजू, मोडलेली कड, टूलची बाजू, बादली, नखं, कोपरापर्यंत हात. टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद फेकून नवा. स्पंज दर नंबराला वेगळा. ८० चा कण साधारण १८५ मायक्रॉनचा असतो, ४०० चा १७. असा एकच कण आत शिरला की त्याची रेघ काढायला दोन टप्पे मागे जावं लागतं. आणि भुकटीचं पाणी मोरीत ओतू नका, पाइपात सिमेंटसारखं बसतं. बादलीत रात्रभर राहू द्या, वरचं पाणी झाडाशी ओता आणि गाळ कागदात बांधून टाका. कोरडं कधीही घासू नका, ती धूळ फुप्फुसांसाठी वाईट.

सह्यरात्र

४०० नंबरला दोन्ही काचा एकमेकींना चिकटल्या आहेत. हातानं सरकत नाहीत. हातोडीशिवाय उपाय?

काचेवरची_रेघ

हातोडी नाही, स्क्रूड्रायव्हर नाही, गरम पाणीही नाही. जोडी साध्या पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी टेबलाला एक लाकडी ठोकळा खिळ्यानं बसवा, खालची चकती त्याला टेकवा आणि वरच्या चकतीला दुसऱ्या ठोकळ्यानं आडवा, वाढत जाणारा रेटा द्या. झटका देऊ नका.

हे होतं ते पाणी सुकल्यामुळे किंवा मध्येच थांबल्यामुळे. बारीक नंबरांत दोन्ही पृष्ठभाग इतके जुळलेले असतात की पाण्याचा पातळ थरच त्यांना धरून ठेवतो. फोन वाजला तरी आधी आरसा सरकवून बाजूला काढायचा, मग फोन. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकलात तर घसरण टिकते.

ध्रुवमत्स्य

आता १२० ते ६००. इथे स्ट्रोक बदलतो: मध्यावरून मध्यावर, लांबी व्यासाच्या एक तृतीयांश, म्हणजे पुढेमागे मिळून ५० मिमी. आता खोली वाढवायची नाही, आधीच्या नंबरानं पाडलेले खड्डे काढायचे आणि दोन्ही पृष्ठभाग गोलाचे तुकडे करायचे. प्रत्येक नंबरला दहा-बारा वेळा भुकटी, एकूण तास-दीड तास. ६०० ला दोन तास दिले तरी जास्त नाहीत. तिथे वाचवलेली दहा मिनिटं पॉलिशला दोन तासांनी वसूल होतात.

नंबर बदलायचा की नाही हे घड्याळावर ठरवू नका. दोन चाचण्या आहेत. पहिली पेन्सिलची: आरशावर मऊ पेन्सिलनं चौकटी आखा, फक्त पाणी घालून पाच-सहा स्ट्रोक घ्या. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर पृष्ठभाग जुळलेत. मध्ये राहिल्या आणि कडेला गेल्या तर अजून घासा. दुसरी भिंगाची: २५ मिमीची आयपीस (दुर्बिणीचं डोळ्याला लावायचं भिंग) उलटी धरून मध्य आणि कड तपासा. आजूबाजूच्या खड्ड्यांच्या दुप्पट मोठा एकही खड्डा दिसला तर तो मागच्या नंबराचा आहे. कडेचे खड्डे नेहमी शेवटी जातात, म्हणून कडेवरच जास्त वेळ भिंग फिरवा.

१२० नंतर नाभीय अंतर उन्हात मोजून घ्या. आरसा ओला केला की तात्पुरता चकाकतो. सूर्याचं प्रतिबिंब पुठ्ठ्यावर घ्या आणि सर्वांत लहान, काठ स्पष्ट असलेला ठिपका जिथे पडेल ते अंतर मोजा. १२०० मिमीला हा ठिपका सुमारे ११ मिमीचा असतो. परावर्तित झोतात डोळा आणायचा नाही, आणि मोजून झालं की आरसा लगेच झाकायचा.

अंतर लांब आलं (१२५० वगैरे) तर आरसा वर ठेवून थोडे लांब स्ट्रोक. आखूड आलं तर टूल वर, आरसा खाली. १२० ला हे सहज दुरुस्त होतं, ४०० ला होत नाही.

राळ_आणि_मेण

पॉलिशच्या लॅपबद्दल (टूलवरचा राळेचा थर, ज्यावर आरसा चकाकवतात) मी लिहिते, कारण बहुतेक जण इथेच अडतात.

राळ नुसती ठिसूळ असते, ती एरंडेल घालून मऊ करायची. ६ इंची टूलला २०० ग्रॅम राळ पुरते. जुन्या भांड्यात, मोकळ्या हवेत, अगदी मंद आचेवर वितळवा. उकळू द्यायची नाही, तिची वाफ पेट घेते. वितळली की आचेवरून उतरवून चमचाभर एरंडेल, ढवळा, मग चाचणी: थेंब पाण्यात टाका आणि त्याच पाण्यात पाच मिनिटं राहू द्या. पाणी ज्या खोलीत पॉलिश करणार त्या खोलीच्या तापमानाचं हवं, माठातलं नको. अंगठ्याच्या नखानं दहाएक सेकंद मध्यम जोर द्या. पाच-सहा मिमी लांबीची खूण उमटली तर बरोबर. नख बुडालं तर जास्त मऊ, थोडी राळ वाढवा. तडकली तर आणखी एरंडेल, पण आता अर्धा चमचा. फडक्यातून गाळून घ्या, राळेत वाळू आणि सालींचे कण असतात.

टूलच्या कडेला कागदी पट्टीची भिंत करा, टूल कोमट पाण्यात गरम करून पूर्ण कोरडं पुसा आणि सहा-सात मिमी थर ओता. मधासारखा दाट झाला की कोमट केलेला, सेरियमच्या साबणमिश्रित दाट पाण्यानं माखलेला आरसा त्यावर अलगद टेकवा आणि सरकवत राहा. थांबलात तर चिकटतो. आरशाचा आकार राळेनं घेतला की आरसा काढा आणि २० ते २५ मिमीचे चौकोन पाडा, ओल्या ब्लेडनं. एक गोष्ट कटाक्षानं: चौकोनांच्या जाळीचा मध्य टूलच्या मध्यावर आणू नका, थोडा बाजूला घ्या. जाळी मध्यावर बसली की आरशावर एकात एक कडी उमटतात आणि ती चाचणीत दिसेपर्यंत कळत नाहीत.

विदर्भ_आकाश

नागपूरच्या उन्हात ही राळ टिकेल का? मेमध्ये खोली ३८ अंशांवर असते.

राळ_आणि_मेण

टिकते, पण मिश्रण त्या तापमानाला जमवलेलं हवं. ३८ ला नखाची चाचणी बरोबर आलेली राळ डिसेंबरच्या १८ अंशांत दगडासारखी होईल आणि ओरखडे पाडेल. उलट थंडीतली राळ उन्हाळ्यात वाहते, चौकोनांमधल्या फटी तासाभरात बुजतात, आणि मऊ लॅप आरशाची कड पाडतो (काठ खाली ढळवतो). दोन वेगवेगळे लॅप करण्यापेक्षा काम पावसाळ्यावर ढकलणं सोपं. तुमच्याकडे जुलैत खोली बरीच स्थिर मिळेल.

पॉलिशचा क्रम: दर बैठकीच्या सुरुवातीला आरसा लॅपवर ठेवून वर चार-पाच किलो वजन, वीस मिनिटं. मग सेरियमचं ताकासारखं पातळ पाणी आणि एक तृतीयांश स्ट्रोक. लॅप आरशाला किंचित ओढतोय असं हाताला जाणवलं पाहिजे. एकूण सहा ते आठ तास. रात्री आरसा लॅपवर ठेवून झोपू नका, सकाळी दोन्ही एक झालेले असतात.

पूर्ण झालं का हे लेझर पॉइंटरनं बघा. अंधाऱ्या खोलीत किरण आरशाच्या पृष्ठभागावर तिरका पाडा, परावर्तित झोत भिंतीकडे जाईल असा. जिथे किरण काचेत शिरतो तिथे ठिपका उजळला तर तिथे अजून खड्डे आहेत. कडेला हा ठिपका शेवटपर्यंत रेंगाळतो.

सुरीधार

आता फूकोची चाचणी, म्हणजे ब्लेडच्या सावलीवरून आरशाचा आकार तपासणं. लेऑं फूको यांनी ती १८५८ मध्ये मांडली आणि घरबसल्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशापर्यंतची चूक दाखवणारं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही. एक एलईडी, तिच्यापुढे बारीक फट, शेजारी दाढीचं ब्लेड, आणि हे सगळं स्क्रूनं पुढेमागे सरकेल अशी पट्टी, मिमीच्या दहाव्या भागापर्यंत वाचता येणारी. आरसा स्टँडवर उभा, उपकरण २४०० मिमीवर. आरशाला चिमटा बसेल असा स्टँड नको, खाली दोन आधार पुरतात.

आधी हवा. पंखा बंद, खिडकी बंद, आरसा हातात धरल्यावर किमान तासभर थांबा, साधी काच असेल तर दोन तास. थोड्या वेळापूर्वी पॉलिश केलेला आरसा बघितलात तर खोटा आकार दिसेल आणि तुम्ही तो दुरुस्त करायला जाल. प्रकाशाच्या वाटेत हात घातलात तर हातावरून उठणारी गरम हवा धुरासारखी दिसते. इतकी ही चाचणी संवेदनशील आहे.

ब्लेड डावीकडून आत सरकवा. सावलीही डावीकडून आली तर ब्लेड वक्रतामध्याच्या (आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याच्या केंद्राच्या) अलीकडे, आरशाकडे आहे. उजवीकडून आली तर पलीकडे. सगळा आरसा एकदम राखाडी झाला तर तो गोलाचा तुकडा आहे, आणि आधी तिथपर्यंतच पोचायचं. अन्वस्त आरसा मात्र ७०% त्रिज्येच्या पट्ट्याला ब्लेड लावल्यावर बाजूनं उजेड पडलेल्या मेदूवड्यासारखा दिसतो: कड उतरती, मधली कडी उंच, मध्यभागी खळगा.

नजरेवर विसंबू नका, मोजा. पुठ्ठ्याच्या मुखवट्यात चार पट्ट्यांच्या जोड-खिडक्या कापा, मध्य त्रिज्या २५, ४५, ६० आणि ७० मिमी. प्रत्येक जोडीच्या दोन्ही खिडक्या एकाच वेळी काळवंडतील ती जागा वाचा. दिवा स्थिर आणि फक्त ब्लेड हलत असेल तर अपेक्षित अंतर त्रिज्येचा वर्ग भागिले २४००. म्हणजे पहिल्या पट्ट्यापासून दुसरा ०.५८, तिसरा १.२४, चौथा १.७८ मिमी लांब. दिवा आणि ब्लेड एकाच पट्टीवर एकत्र हलत असतील तर हे सगळे आकडे निम्मे: ०.२९, ०.६२, ०.८९. ही दोन सूत्रं बदलली गेली तर आरसा निम्मा किंवा दुप्पट दुरुस्त होतो, आणि आकाशात नेईपर्यंत कारण सापडत नाही. उपकरणावरच लिहून ठेवा: ‘दिवा हलतो’ किंवा ‘दिवा स्थिर’. दर पट्ट्याची पाच वाचनं घेऊन सरासरी काढा.

रोहिणी_शकट

एफ/८ गोलच ठेवला तर चालत नाही का? बऱ्याच ठिकाणी तसं वाचलं आहे.

सुरीधार

हिशेबच बघा. १५० मिमी एफ/८ चा आरसा गोल ठेवला तर सर्वांत जवळच्या अन्वस्तापासून तरंगातली चूक सुमारे १४३ नॅनोमीटर येते. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा हा साधारण चौथा भाग, म्हणजे कशीबशी मान्य मर्यादा. तुमच्या ८ इंची एफ/६ ला हीच चूक ४५० नॅनोमीटर होते, तरंगलांबीच्या आठ दशांश. तिथे गोल ठेवणं शक्यच नाही. सुरुवातीला ६ इंची एफ/८ सुचवला तो यासाठीच.

ध्रुवमत्स्य

मी गोलावर थांबायच्या विरोधात आहे. चौथा भाग ही मर्यादा आरशाला एकट्याला वापरून टाकायची नाही, तिरका आरसा (ट्यूबमधला दुसरा, प्रकाश बाजूला वळवणारा) आणि हवा आपापला वाटा घेतातच. गुरूच्या पट्ट्यांतला तपशील तिथेच हरवतो. शिवाय काम थोडंच आहे. आरसा वर ठेवून इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराचा स्ट्रोक, बाजूला तीन-चार सेमी लटकेल इतका. पाच मिनिटं, मग धुऊन, निववून मोजणी. बऱ्याचदा अशा तीन-चार बैठका पुरतात. अर्धी दुरुस्ती झाली तरी चूक निम्मी होते. पुढे गेलात, म्हणजे कडेचा आकडा (दिवा स्थिर असताना) १.७८ च्या वर गेला, तर लहान स्ट्रोकनं पुन्हा गोलाकडे आणा.

सुरीधार

मान्य, एका अटीवर: कड पडलेली नसली तर. कड पडली आहे का ते असं कळतं: वक्रतामध्याच्या किंचित आत ब्लेड ठेवलं की चांगल्या आरशाच्या सावलीच्या बाजूच्या कडेला केसाइतकी बारीक प्रकाशरेषा उठून दिसते. ती तुटक किंवा गायब असेल तर कड पडली. कारणं तीन, लांब स्ट्रोक, मऊ लॅप, किंवा कडेवर हाताचा दाब. अशा आरशाला अन्वस्त करत बसू नका. लॅप पुन्हा दाबून घ्या, तळवे आरशाच्या मध्यावर ठेवा, लहान स्ट्रोकनं गोलापर्यंत मागे या, मग पुढे.

सह्यरात्र

काचा सुटल्या, एकही टवका नाही. आभार. कोटिंगला (धातूचा चकाकता थर चढवायला) देण्याआधी आकाशात तपासता येतो का?

काचेवरची_रेघ

येतो, आणि तपासायलाच हवा. कोटिंग नसलेली काच ४% प्रकाश परत पाठवते. चंद्राला तेवढा पुरतो, व्याध आणि अभिजितलाही. ट्यूबमध्ये बसवा, कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) करा, तासभर बाहेर निवू द्या. १५० पट वर्धनाला तारा फोकसच्या थोडा आत आणि तेवढाच बाहेर न्या. दोन्हीकडची वर्तुळं सारखी दिसली तर आरसा चांगला. एका बाजूला लांबट आणि दुसऱ्या बाजूला त्याला आडवी लांबट दिसली तर आरसा मागच्या आधारात आवळला गेलाय किंवा घासताना फिरवला गेला नाही. आधी आधार सैल करून बघा.

तिरक्या आरशाचा लहान अक्ष ३० मिमीच्या आसपास घ्या, ट्यूबचा आतला व्यास २०० मिमी धरला तर तो बरोबर बसतो. कोटिंग म्हणजे निर्वातात चढवलेला ०.१ मायक्रॉनच्या आसपासचा ॲल्युमिनियमचा थर, वर संरक्षक थर मागून घ्या. आपल्या दमट हवेत तो नसेल तर कोकणात दोन पावसाळ्यांत डाग पडतात. पाठवताना आरशाच्या तोंडाला काहीही टेकता कामा नये, आधार फक्त कडेला आणि पाठीला.

कोटिंग होऊन आला की पहिली परीक्षा अभिजितच्या शेजारच्या एप्सिलॉन लायरी या ताऱ्याची. साध्या डोळ्याला एक, बायनॉक्युलरमधून दोन, आणि चांगल्या ६ इंची आरशातून चार. प्रत्येक जोडीतलं अंतर सव्वादोन ते अडीच विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आहे. चारही टाचणीच्या टोकाएवढे, मध्ये काळी फट स्पष्ट. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी ती अजून पश्चिमेला बरीच वर असते.